जर्मनीला निघण्याआधी काय घ्यायचं, तिथं पोचल्यावर काय?

दारव्हा_शिवार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुलगी शिकायला जर्मनीत माग्डेबुर्गला जात आहे. व्हिसा हाती आला, बँकेचं कर्ज मंजूर झालं, वसतिगृहात खोली मिळाली. पलंग, गादी, टेबल, कपाट आहे म्हणतात, स्वयंपाकघर चौघींत एक. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री बर्लिनला उतरेल. सामान २३ किलोच्या दोन बॅगा अन् हातात ८ किलो. नागपूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढायचं आहे, ते अजून बाकी.

घरात यादी लिहिणं सुरू आहे अन् ती काही संपत नाही. आजीचं म्हणणं गोधडी अन् घरचं तूप गेलंच पाहिजे. मामाजी म्हणतात मिक्सर न्या. तालुक्यातला कपडेवाला म्हणतो जॅकेट इथंच घ्या, तिकडं दहापट भाव. सगळं धरलं तर ७० किलोच्या वर जाते.

दुसरं पैशाचं. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात हातात काही नसते. सोयाबीन दसऱ्याच्या मागंपुढं, कापूस दिवाळीनंतर. सगळं आताच घ्यायचं तर उसनवारी करा. म्हणून नेमकं सांगा: कोणती वस्तू इथूनच, कोणती तिथं, अन् कोणती तिथंही महिना-दोन महिने थांबून घेतली तर चालते?

---

सेवाग्राम_एक्सप्रेस

काकाजी, भाव पाहून ठरवू नका, वजन पाहून ठरवा. चष्मा ३० ग्रॅमचा, त्यात हजारो रुपये वाचतात. तांदूळ ५ किलोचा, त्यात तिकिटाच्या वजनाइतकीही बचत नाही. तुमची ४६ किलो हीच खरी पुंजी आहे, ती कुठं खर्च करायची एवढाच प्रश्न.

पण त्याआधी दोन गोष्टी दुरुस्त करा, नाहीतर यादी कितीही चांगली केली तरी उपयोग नाही.

एक, नागपूर-मुंबईचं वेगळं तिकीट. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच सामान चालतं. मुंबईच्या पुढे ४६ किलो मंजूर असलं तरी नागपूरच्या काउंटरवर तुमच्याकडून वरच्या ३१ किलोचे पैसे घेतील, आणि ते नियमानुसारच असेल. नागपूरपासून बर्लिनपर्यंत एकाच बुकिंगमध्ये तिकीट असेल तरच पुढची मर्यादा इथूनच लागू होते. ते जमत नसेल तर बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई गाठा. सकाळी पोचते, रात्रीचं विमान पकडायला दिवस मोकळा मिळतो. शिवाय २३ म्हणजे एका नगाला २३. एक बॅग २६ आणि दुसरी २० असा हिशेब धरत नाहीत. तिकिटावर नग लिहिले आहेत की नुसतं एकूण वजन, तेही वाचून घ्या. काही कंपन्या दोन नगांऐवजी ३० किलो एकूण देतात.

दोन, शनिवारी रात्री उतरणं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, फर्निचर, सगळंच. बर्लिनच्या मुख्य स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, पण मुलीच्या हातात दोन बॅगा असणार आणि तिथं हमाल नाही. त्यात ३ ऑक्टोबर ही तिथली राष्ट्रीय सुटी, त्या दिवशीही सगळं बंद. तारीख बदलता आली तर सोमवार ते बुधवार निवडा. नसेल जमत तर दोन दिवसांचं कोरडं खाणं हातातल्या बॅगेत हवंच. बर्लिन ते माग्डेबुर्ग थेट प्रादेशिक गाडी आहे, आरई १. त्यात सामान स्वतःच चढवायचं, स्टेशनावरची लिफ्ट बंद असली तर जिन्यानं. बॅगेची चाकं मजबूत पाहिजेत, ती मात्र इथंच तपासून घ्या.

आता पैसे कधी हातात येतात ते पाहा, कारण खरेदी त्यावर बेतायची आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरले (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) तरी सुटतात महिन्याला ९९२. पहिला हप्ता सुटायला तिथलं चालू खातं लागतं. खात्याला बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी मागतात. ही नोंदणी, तिला आन्मेल्डुंग म्हणतात, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला वसतिगृहाचा दाखला जोडावा लागतो. ऑक्टोबरात सगळे नवे विद्यार्थी एकाच खिडकीवर, म्हणून तारीख लवकर मिळत नाही. थोडक्यात पहिले तीन-चार आठवडे मुलगी फॉरेक्स कार्ड (इथूनच युरो भरून न्यायचं कार्ड) आणि रोख यांवरच राहणार. ३०० ते ४०० युरो रोख, ५० आणि त्याखालच्या नोटा, बाकी कार्डावर. खोलीचं डिपॉझिट आधीच भरलं नसेल तर ते याच्या वरचं.

म्हणून जी वस्तू या तीन-चार आठवड्यांत लागते ती इथून. जी नोव्हेंबरात लागते ती तिथं, नोव्हेंबरात. तुमचा कापूसही तेव्हाच येतो.

---

पोळपाट_लाटणं

स्वयंपाकघराचं सांगते, कारण चुका इथंच जास्त होतात.

वसतिगृहात गॅस बहुधा नसतोच. सपाट काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते, क्वचित इंडक्शन. दोन्हीवर चालेल असं भांडं एकच: स्टीलचं, जाड सपाट बुडाचं, ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा आणि लावून पाहा, 'इंडक्शनवाला आहे' या शब्दावर विसंबू नका. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही.

कुकर मात्र इथूनच न्या. ३ लिटरचा पुरतो, वजन साधारण दोन किलो, आणि आत डबे ठेवता येतात म्हणून जागा वाया जात नाही. तिथले कुकर शिट्टी देत नाहीत, दांड्यावर दाबाची खूण वर येते, किंमतही चढी. पण खरं कारण सुट्या भागांचं आहे. आपल्या कुकरची रबरी रिंग तिथल्या दुकानात मिळत नाही, आणि रिंग गेली की कुकर म्हणजे नुसता गंज, साधं पातेलं. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत टाका. ५० ग्रॅमचं काम.

काचेच्या शेगडीची एक खोड आधीच सांगून ठेवा. बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेली राहते. गॅसच्या सवयीनं शेवटच्या शिट्टीनंतर कुकर तिथंच राहू दिला तर भात खाली लागतो. एक शिट्टी आधी बटण बंद करायचं, किंवा कुकर उचलून थंड चकतीवर ठेवायचा. फुलक्याची जाळी त्या काचेवर अजिबात नको, ओरखडे पडतात आणि धूर होऊन अलार्म वाजतो. पोळी तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायची.

तवा नेऊ नका. आपला खोलगट तवा सपाट काचेला फक्त मधोमध टेकतो, पोळी मध्ये करपते आणि कडेनं कच्ची. तिथं धिरड्यासारखा पदार्थ करायचा सपाट तवा १५-२० युरोत मिळतो, तो चालतो. लाटणं न्या. पोळपाट ठेवून द्या, ओटा पुसून त्यावर लाटता येते.

सांडशी विसरू नका! आपल्या गंजाला कान नसतात आणि सांडशी तिथं मागायला गेलं तर समजावून सांगता सांगता दिवस जातो. एक ताट, दोन वाट्या, एक पेला, एक उलथणं, एक छोटी गाळणी, लहान मसाल्याचा डबा. याच्या पुढे भांडी नकोत.

पिठाचं. तिथं गव्हाच्या पिठाच्या पुडीवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. हा १०० ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा आकडा आहे, म्हणजे जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ मैद्याच्या जवळचं, त्याच्या पोळ्या चिवट होतात. ५५० आणि 'फोलकॉर्न' लिहिलेलं पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं मिसळलं तर पोळी जमते. तेव्हा कणीक न्यायची गरज नाही. ज्वारीचं पीठ मात्र साध्या दुकानात नाही, भाकरीची सवय असेल तर दोन किलो न्या.

आल्डी, लिडल या दुकानांत मसूर डाळ, काबुली चणे, राजमा, बासमती, तेल, साखर, कांदे-बटाटे सगळं आहे. तूर डाळ, पोहे, उडीद भारतीय किंवा आशियाई दुकानात, थोडं महाग. कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, वांगी आणि दह्याची बादली तुर्की दुकानात. पहिल्या महिन्यापुरती तूर डाळ दोन किलो, पोहे एक किलो, चहाची दाणेदार पत्ती अर्धा किलो. बस. जवस नेऊ नका, ती तिथं प्रत्येक किराण्यात पडलेली असते. जवसाची चटणी करून मात्र द्या.

मिक्सर: डबे धरून चार-पाच किलो. माझ्या मते नको. चटण्या कोरड्या करून द्या, बाकी कामाला तिथला हातात धरायचा ब्लेंडर २०-३० युरोत येतो.

---

मेळघाटची_थंडी

कपड्यांचं, अंथरुणाचं आणि ज्या गोष्टी दुकानात नसतात त्यांचं.

जॅकेट तिथं घ्यावं. ऑक्टोबरात तिथं दिवसा साधारण १० ते १५ अंश असते, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याची थंडी. त्याला थर्मल, एक स्वेटर आणि वाऱ्याचं पातळ जॅकेट पुरतं. खरी थंडी नोव्हेंबरच्या शेवटी. तोवर खातं सुरू झालेलं असतं, दुकानांत हिवाळी माल लागलेला असतो, ६० ते १२० युरोत चांगलं जॅकेट येतं, वापरलेलं त्याच्या निम्म्यात. इथल्या बाजारातलं जाड जॅकेट उबदार दिसतं, पण त्यातून वारा आत येतो आणि पाणीही. तिथं त्रास कोरड्या थंडीचा कमी, वारा आणि बारीक पावसाचा जास्त. दहापट भावाचं ते दुकानदाराचं गणित आहे.

शिवाय वेळ पाहा. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले स्वेटरवाले असोत की नागपूरचा तिबेटी बाजार, ते दिवाळीच्या सुमारास लागतात. ऑगस्टात आपल्याकडे जे गरम कपडे मिळतात ते मागच्या वर्षीचे उरलेले, आणि भाव ताज्याचा.

थर्मलचे तीन जोड मात्र इथून. हलके, स्वस्त, रोज लागतात. जाड विणलेले स्वेटर तीन-तीन नेऊ नका, कारण तिथं खोल्या आतून २० अंशांच्या वर तापवलेल्या असतात. वर्गात गेलं की अंगावरचं काढून ठेवावं लागतं, म्हणून पातळ थर बरे. मोजे १० जोड सुती इथून, दोन जोड लोकरी तिथं. बूट: पायात रोजचे स्पोर्ट शूज घालून जाऊ द्या. पाणी न शिरणारे बूट तिथं पायात घालून पाहूनच घ्यायचे, मापं युरोपीय असतात. रबरी चप्पल एक, खोलीत वापरायला.

आतले कपडे इथून भरपूर, १२-१२ नग. तिथली मापं वेगळी लिहिलेली असतात, आपलं ३४ म्हणजे तिथलं ७५. पहिल्याच आठवड्यात तो शोध नको. सॅनिटरी पॅड एका महिन्याचेच, तिथं स्वस्त आहेत आणि बॅगेत जागा खातात.

गोधडी. आजीला वाईट वाटेल, पण तीन किलोची गोधडी वसतिगृहाच्या यंत्रात धुताच येत नाही, भिजली की मोटर ओढत नाही. पलंग ९० बाय २०० सेंटिमीटरचा, पांघरूण १३५ बाय २००, उशी ८० बाय ८० ची चौकोनी. आपले अभ्रे बसत नाहीत. पांघरूण आणि उशी मिळून ४० युरोच्या आत येतात, आयकिया किंवा युस्कसारख्या दुकानात. खोलीत गादी असली तरी अंथरूण-पांघरूण नसतं हे लक्षात असू द्या. पहिल्या दोन-तीन रात्रींसाठी एक पलंगपोस आणि एक सोलापुरी चादर, दीड किलो. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपट्याएवढी लहान गोधडी द्यायची तर द्या, अर्ध्या किलोत बसते आणि पायावर घ्यायला होते.

न्हाणीघरात बादलीनं अंघोळ नाही. पुष्कळ ठिकाणी जमिनीला पाणी जायला वाटच नसते, सांडलेलं पाणी खालच्या मजल्यावर उतरतं आणि नुकसानीचं बिल येतं. संडासात जेट नसतो. एक लहान प्लास्टिकचा मग टाका, बाकी बोलायची गरज नाही.

चष्मा असेल तर नंबर तपासून दोन चष्मे, आणि नंबरचा इंग्रजी कागद. तिथला सरकारी आरोग्य विमा प्रौढांच्या साध्या नंबरच्या चष्म्याला पैसे देत नाही. दातांचं काम निघण्याच्या दोन महिने आधी काढा. रूट कॅनल निघालं तर तीन-चार खेपा होतात, आणि शेवटच्या आठवड्यात कॅप बसवून विमानात बसणं बरं नाही.

औषधं स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या आत, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव पाहिजे, कंपनीचं नाव तिथं कुणी ओळखत नाही. अँटिबायोटिक तिथं चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि साधी पॅरासिटामॉलही औषधाच्या दुकानातच मिळते. झोपेची किंवा जबर वेदनेची गोळी चालू असेल तर आधी विचारून घ्या, त्यांचे नियम वेगळे आहेत.

---

दारव्हा_शिवार

लय उपयोगाचं सांगितलं. तिकीट मंगळवारचं करून घेतो, अन् बडनेऱ्याहून गाडीनंच जाऊ. आता दोन शंका. तूप, खवा, मसाले, लोणचं यातलं काय चालते? आजी काही ऐकत नाही. अन् लॅपटॉप इथं घ्यावा की तिथं, आपला थ्री-पिन तिकडं बसतो का?

---

धान्य_काटा

तूप नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दूध आणि मांस यांचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून न्यायला बंदी आहे, घरचं असो की डबाबंद. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर सगळं बाद. पकडलं तर काढून टाकतात, वरून दंड होऊ शकतो. आजीला सांगा की तिथं 'बुटरश्माल्झ' नावानं कढवलेलं लोणी सगळ्या किराण्यांत मिळते. ते तूपच आहे, रवा दिसत नाही एवढंच.

ताजी पानं, फळं, भाज्या यांनाही १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. सूट फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन या पाच फळांना. तेव्हा संत्री, कढीपत्ता, अंबाडी घरी ठेवा. कढीपत्ता सावलीत पूर्ण वाळवून चुरा करून न्या. कुंडीत लावायला म्हणून मेथी-कोथिंबिरीचं बी टाकतात लोक, पेरायच्या बियाण्यालाही तोच दाखला लागतो.

चालते काय: दळलेले मसाले, डाळ, पीठ, पोहे, पापड, कुरडया, तेलातला चिवडा-शेव, कोरड्या चटण्या. भिवापुरी तिखट पाव किलो, वायगावची हळद पाव किलो, काळा मसाला अर्धा किलो. वर्षाला एवढं पुरते. दोन किलो तिखट नेणाऱ्याच्या डब्यात पुढच्या पावसाळ्यापर्यंत रंग उतरलेला असतो.

पॅकिंग. तिखट अन् मसाला हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. जाड पिशवीत भरून, हवा दाबून काढून, तोंड मेणबत्तीवर चिकटवा. ती पिशवी दुसऱ्या झिपच्या पिशवीत, अन् ती कुकरच्या आत. लोणचं न्यायचंच तर तेल निथळून, प्लास्टिकच्या फिरकीच्या बरणीत. काच नको. बरणी काठोकाठ भरू नका, वर बोटभर जागा सोडा. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून घट्ट पिळा, बाहेरून चिकटपट्टी. वर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते अन् तेल आट्यांतून बाहेर येते, मग सगळ्या कपड्यांना वास.

कापूर, आगपेटी, लायटर बंद. वाळल्या खोबऱ्याचा गोटाही नेऊ देत नाहीत, त्यात तेल असते म्हणून तो पेटणारा माल धरतात. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासाच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. डिकीतल्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात.

वजन घरच्या अंदाजानं करू नका. हाताच्या काट्यात किलो-अर्ध्या किलोचा फरक येतो. पिठाच्या गिरणीतला किंवा कापूस घेणाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा, बॅग बंद करून, कुलूप लावून. २२ किलोवर थांबा.

---

थ्री_फेज

वीज तिथं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त पिनेचा आकार बदलतो. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिन तिथल्या गोल सॉकेटमध्ये तशीच बसते. आपला थ्री-पिन बसत नाही.

लॅपटॉपसाठी अडॅप्टरच्या भानगडीत पडू नका. चार्जरच्या डब्यात जाणारी वायर सुटी निघते, तिचं टोक बहुतेक तीन पाकळ्यांचं असतं. तिथं त्याच टोकाची जर्मन पिनेची वायर ५ ते १० युरोत मिळते. ती येईपर्यंत अर्थिंग असलेला एक अडॅप्टर इथून न्या. सोबत आपला चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड टाकला तर एका अडॅप्टरवर सगळं भागतं, पण त्यावर फक्त चार्जर आणि दिवा. किटली, इस्त्री, हीटर लावला तर अडॅप्टर वितळतो. दोन पिनांचा स्वस्त 'सगळीकडं चालणारा' अडॅप्टर घेऊ नका, त्यात अर्थिंग नसतं आणि स्टीलच्या अंगाचं यंत्र असेल तर झटका बसतो. आणि कृपा करून वायर कापून पिन बदलू नका, इथं चालतं ते तिथल्या वसतिगृहात चालत नाही.

लॅपटॉप इथूनच. पहिलं कारण कर्ज: अभ्यासाला लागणारा संगणक शैक्षणिक कर्जात बसतो. बँकेला आधी कोटेशन द्या, मंजुरीनंतर खरेदी. बिल आधी आणून पैसे मागितले तर अडवतात. दुसरं, तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड अदलाबदल झालेले असतात, महिरपी कंस दोन बटणं दाबून येतात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ते जाचतं. घेताना आंतरराष्ट्रीय वॉरंटी आहे का ते त्याच मॉडेलबद्दल विचारा, नुसतं कंपनीबद्दल नाही. कस्टममध्ये विमानानं आलेल्या प्रवाशाला ४३० युरोपर्यंतचा माल मोफत असतो. शिकायला येणाऱ्याच्या अभ्यासाच्या साहित्याला वेगळी सूट आहे, म्हणून प्रवेशपत्र आणि बिल हातातल्या बॅगेत, लॅपटॉप डब्याबाहेर काढून, चालू करून.

मोबाइल नवा घ्यायचाच असेल तर दोन सिमचा किंवा ई-सिम चालणारा. मुख्य काम सिमचं आहे. मुलीच्या बँकेला जोडलेला नंबर बापाच्या नावावर असेल तर निघण्याआधी तिच्या नावावर करा. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथंच सुरू करून घ्या, आणि किमान रिचार्ज चालू ठेवा. ओटीपी आला नाही की सगळं अडतं आणि तिथून सिम बदलून मिळत नाही.

पासपोर्ट फोटोंची थप्पी काढू नका. १ मे २०२५ पासून जर्मनीत पासपोर्ट, ओळखपत्र आणि राहण्याच्या परवान्याला डिजिटल फोटोच घेतात, तो तिथंच काढायचा. इतर कामाला चार प्रती पुरे.

---

वऱ्हाडी_ठेचा

काकाजी, मिक्सरचं मले पटत नाही पूर्ण. चौघी पोरी एका स्वयंपाकघरात असतील अन् त्यात दोघी आपल्याकडच्या असल्या, तर एक मिक्सर चौघींत चालते. पण तो तुमच्याच पोरीनं काहून न्यावा? आधी त्या विद्यापीठाच्या भारतीय मुलांच्या ग्रुपात इचारा. शिक्षण संपवून जाणारे सप्टेंबरच्या शेवटी अन् मार्चात सामान काढतात: कुकर, मिक्सर, पांघरूण, टेबललॅम्प, सायकल. अर्ध्या-पाव भावात, कधी फुकट. त्यासाठी खोलीचा पत्ता अन् पोचायची तारीख सांगून वस्तू आधीच राखून ठेवायची, पैसे मात्र वस्तू पाहिल्यावर.

सायकल घ्याल तर पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल, घंटी अन् दोन्ही ब्रेक पाहूनच घ्या. दिवे नसले तर पोलिस दंड करतात. कुलूप सायकलच्या भावाइतकं गेलं तरी चांगलं घ्या.

अन् पुढं वसतिगृह सोडून बाहेर खोली घ्यायची झाली तर आधीच सांगून ठेवतो. तिथं 'रिकामं घर' म्हणजे खरंच रिकामं. पुष्कळदा ओटा नाही, शेगडी नाही, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, त्याच्या वर कायद्यानं मागता येत नाही. त्यासाठी रक्कम राखून ठेवा, मिक्सरसाठी नाही.

---

दारव्हा_शिवार

मंडळी, बसून नवी यादी केली. कुकर भरून ५ किलो, डाळ-पोहे-पीठ-चहा साडेपाच, मसाले-चटण्या-चिवडा ४, कपडे १४, चादर-पलंगपोस दीड, लहान गोधडी अर्धा, भांडी-लाटणं-सांडशी २, औषधं-चष्मा-किरकोळ ३, रिकाम्या बॅगा दोन मिळून साडेसात. ४३ होतात. जॅकेट अन् बूट कापसाच्या पैशावर, पांघरूण-उशी पोचल्यावर लगेच, सोबतच्या युरोंतून. तुपाचं आजीला मुलीनंच समजावलं.

---

सेवाग्राम_एक्सप्रेस

हिशेब बरोबर आहे. फक्त एका बॅगेत सगळे कपडे आणि दुसरीत सगळं स्वयंपाकाचं असं भरू नका. एक बॅग मागं राहिली तर ती दोन-तीन दिवसांनी येते. दोन्हीत निम्मे कपडे, निम्मं खाणं. कुकरची झाकणाची शिट्टी काढून वेगळी गुंडाळा, ती तशीच ठेवली तर दाबून वाकते. मूळ गुणपत्रिका, पदवी, कर्जाचं पत्र, खोलीचा करार, फॉरेक्स कार्ड, एक कपड्यांचा जोड, एक चष्मा, औषधं आणि चिवड्याची पिशवी हातातल्या ८ किलोत. लॅपटॉप-चार्जर धरून ते वजन पटकन भरतं, म्हणून तीही बॅग काट्यावर ठेवून पाहा.